चाकांची टगबोट

मुलांनो, आधी एक प्रश्न सोडवा पाहू. सव्वादोनशे मीटर लांबीचं एक लढाऊ जहाज आहे. इंजिनांची ताकद ७६ हजार अश्वशक्ती. वादळवारा झेलत, अख्खा अटलांटिक महासागर ओलांडून ते आपल्या बंदराच्या तोंडाशी आलंय. धक्का समोरच दिसतोय. आता ते काय करेल? ऐटीत जाऊन धक्क्याला लागेल?

छे! ते तिथेच वेग कमी करेल आणि मदतीची वाट बघेल. मदतीला कोण येणार? त्याच्या एक पंचमांश लांबीची टगबोट.

साधारण १९६० साली तुम्ही इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ बंदरात उभे असता, तर तुम्हाला आणखी एक नवल दिसलं असतं. मदतीला येणाऱ्या त्या टगबोटीच्या दोन्ही कुशींना चक्क चाकं होती! चाकांच्या कडेला ओळीनं रुंद पाती बसवलेली. चाक फिरलं की पाती एकामागून एक पाण्यात शिरत, पाणी मागे सारत आणि बोट पुढे जाई. अशी चाकं तुम्ही जुन्या आगबोटींच्या चित्रांत पाहिली असतील. पण १९६० म्हणजे काही आगबोटींचा जमाना नव्हे. त्यानंतर वर्षभरातच युरी गागारिन अंतराळात फेरी मारून आला! जेट विमानं उडत होती, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या बांधून झाल्या होत्या. अशा काळात ब्रिटिश नौदलानं चाकांच्या एक नाही, दोन नाही, सात टगबोटी मुद्दाम नव्याकोऱ्या बांधून घेतल्या होत्या.

का बरं? नौदलातल्या हुशार इंजिनिअरांना पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याची बोट बांधता येत नव्हती की काय? चला, या कोड्याचा छडा लावू या.

एवढ्या मोठ्या जहाजाला मदत कशाला?

जहाज वळतं ते सुकाणूमुळे. सुकाणू म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाला पाण्यात उभी असलेली एक मोठी फळी. ही फळी तिरकी केली की तिच्यावरून वाहणारं पाणी तिला एका बाजूला ढकलतं, जहाजाचं शेपूट सरकतं आणि तोंड वळतं. यातली मेख ‘वाहणारं पाणी’ या दोन शब्दांत आहे. जहाज वेगात असेल तर सुकाणूवरून पाणी जोरात वाहतं. जहाज मंदावलं की पाण्याचा जोर ओसरतो आणि सुकाणू जवळपास निकामी होतं. म्हणजे बघा, भर समुद्रात जागाच जागा असते तेव्हा जहाज छान वळतं, आणि बंदरात जेव्हा हात-दोन हातांचा हिशोब असतो, नेमकं तेव्हाच ते ऐकेनासं होतं.

त्यात वारा. विमानवाहू जहाजाची बाजू म्हणजे पाण्यातून वर आलेली उंच, लांबलचक पोलादी भिंत. वारा त्या भिंतीवर आदळतो आणि सगळं जहाज आडवं सरकवू लागतो. त्यात भरती-ओहोटीचा ओढा. पोर्टस्मथ बंदराचं तोंड अरुंद आहे, तिथून पाणी चांगलंच वेगानं आत-बाहेर करतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जहाजाला ब्रेक नसतात!

म्हणून टगबोट लागते. ती दोरखंड लावून ओढते, नाहीतर आपलं नाक जहाजाच्या कुशीला टेकवून ढकलते. पण एवढीशी बोट एवढ्या धुडाला हलवते तरी कशी? कागद-पेन्सिल घ्या, आपण गणितच करून बघू.

‘हर्मिस’ नावाचं एक ब्रिटिश विमानवाहू जहाज होतं. वजन सुमारे २८ हजार टन, म्हणजे २ कोटी ८० लाख किलो. समजा, एका टगबोटीनं त्याला १० टनांची ओढ दिली. शास्त्रज्ञांच्या भाषेत हे बल होतं साधारण ९८ हजार न्यूटन. बलाला वस्तुमानानं भागलं की त्वरण मिळतं, म्हणजे दर सेकंदाला वेग किती वाढेल ते कळतं. भागाकार करा. उत्तर येतं ०.००३५. म्हणजे पहिल्या सेकंदानंतर जहाजाचा वेग सेकंदाला साडेतीन मिलिमीटर! हसू नका, धीर धरा. टगबोट ओढतच राहिली तर एका मिनिटानं हाच वेग सेकंदाला २१ सेंटिमीटर होतो. २१ सेंटिमीटर म्हणजे साधारण एक वीत. पाण्याचा अडथळा इथे आपण धरलेला नाही. तो धरला तर वेग थोडा कमी भरेल, पण जहाज हललं हे मात्र नक्की.

जमिनीवर २८ हजार टनांचं ओझं असं हलवता येणार नाही, कारण जमिनीचं घर्षण त्याला जागचं हलू देत नाही. संथ पाण्यात मात्र अगदी हळू सरकणाऱ्या जहाजाला पाणी फारच थोडा विरोध करतं. म्हणून लहान बळ पुरतं, फक्त ते बराच वेळ लावावं लागतं.

आता याच गणिताची दुसरी बाजू बघा. सेकंदाला एक वीत वेगानं चाललेलं हे जहाज थांबवायचं असेल तर? पुन्हा १० टनांचीच उलटी ओढ, पुन्हा एक मिनिट. तेवढ्या वेळात जहाज आणखी सहा मीटर पुढे गेलेलं असेल. धक्का पाच मीटरवर असेल तर धडक ठरलेली! म्हणून टगबोटीकडे नुसती ताकद असून भागत नाही. सांगितलं त्या क्षणी तिला पुढची मागे आणि डावीकडची उजवीकडे होता आलं पाहिजे. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, आपल्या कोड्याचं अर्धं उत्तर यात आहे.

चाकं आली आणि चाकं हरली

आता थोडं मागे जाऊ. स्कॉटलंडमध्ये विल्यम सिमिंग्टन नावाचा एक इंजिनिअर होता. त्यानं ‘शार्लट डंडास’ नावाची वाफेवर चालणारी बोट बांधली. तिच्या मागच्या बाजूला, बोटीच्या अंगातच केलेल्या खाचेत, एक चाक होतं. मार्च १८०३ मध्ये या बोटीनं फोर्थ आणि क्लाइड कालव्यातून प्रत्येकी ७० टनांचे दोन पडाव सुमारे ३० किलोमीटर ओढत ग्लासगोपर्यंत नेले. वारा समोरून जोराचा होता, तरी नऊ-सव्वानऊ तासांत काम फत्ते! वाफेचं इंजिन पाण्यावर खरोखर उपयोगी पडतं, हे जगाला दाखवणाऱ्या पहिल्या बोटींपैकी ती एक. म्हणजे माणसं हौसेनं आगबोटीत बसू लागण्याआधीच टगबोट कामाला लागली होती. कालव्याच्या मालकांना मात्र भीती वाटली की चाकांनी उठणाऱ्या लाटांमुळे काठ ढासळतील. त्यांनी ती बोट काही वापरली नाही. पण कल्पना टिकली.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत चाकांच्या टगबोटी बंदराबंदरांत दिसू लागल्या. शिडाच्या जहाजांना तर त्या वरदानच ठरल्या, कारण वारा पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी अडकून बसे. १८३८ मध्ये ‘टेमरेअर’ हे ट्रफाल्गरच्या लढाईत गाजलेलं ९८ तोफांचं जहाज मोडीत काढायला नेलं, तेव्हा त्याला थेम्स नदीतून ओढून नेणाऱ्या टगबोटीच होत्या. टर्नर या थोर चित्रकारानं त्या प्रसंगाचं चित्र काढलं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. इंटरनेटवर ते शोधा आणि नीट निरखा. मागे फिकट, उंच, शांत टेमरेअर आणि पुढे काळपट रंगाची बुटकी टगबोट. तिच्या उंच धुरांड्यातून धूर आणि ज्वाळा निघतायत, आणि कुशीला चाकाची पेटी आहे. खरं तर त्या दिवशी दोन टगबोटी होत्या. टर्नरनं चित्रात एकच ठेवली.

मग चाकांना प्रतिस्पर्धी आला. पाण्याखाली, जहाजाच्या शेपटाकडे बसवलेला मळसूत्री पंखा. चाक चांगलं की पंखा? वाद रंगला. ३ एप्रिल १८४५ रोजी ब्रिटिश नौदलानं समुद्रात एक झकास रस्सीखेच लावली. एका बाजूला पंख्याचं ‘रॅटलर’, दुसऱ्या बाजूला चाकांचं ‘अलेक्टो’. दोघांची शेपटं दोरखंडानं एकमेकांना बांधली. आधी अलेक्टोनं जोर लावला आणि रॅटलरला मागे ओढत नेलं. मग रॅटलरचं इंजिन पूर्ण ताकदीनं सुरू झालं. दोन्ही जहाजं क्षणभर थबकली आणि हळूहळू रॅटलर अलेक्टोला, त्याची चाकं पुढच्या दिशेनं गरगरत असतानाच, उलटं ओढत घेऊन गेलं. पंखा जिंकला!

तुमच्यातल्या चौकस मुलांनी इथे हात वर करायला हवा. दोन्हींची इंजिनं सारख्या ताकदीची होती का? नव्हती. रॅटलरचं इंजिन जास्त ताकदवान होतं. मग हा प्रयोग अगदी चोख म्हणता येणार नाही. पण लढाऊ जहाजांवरून चाकं गेली ती काही एका रस्सीखेचीमुळे नव्हे. चाकं पाण्याच्या वर असतात, शत्रूचा एक गोळा लागला की खेळ खलास. चाकांच्या पेट्या जहाजाच्या बाजूला एवढी जागा अडवतात की तोफा ठेवायला फारशी जागा उरत नाही. खवळलेल्या समुद्रात जहाज एका कुशीवर कललं की एक चाक खोल बुडतं आणि दुसरं हवेत फिरत राहतं. पंख्याला यातलं काहीच आडवं येत नाही.

हे तीन दोष लक्षात ठेवा: गोळे, तोफा, लाटा. त्यांच्याकडे आपल्याला परत यायचंय.

जेट विमानानं टगबोटीला पेचात टाकलं

दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं. लगेचच विमानवाहू जहाजांवर जेट विमानं आली. ती जड होती आणि जास्त वेगानं उतरत. उतरणारं विमान थांबलं नाही तर समोर उभ्या असलेल्या विमानांवर जाऊन आदळेल, ही धास्ती. १९५१ मध्ये डेनिस कॅम्बेल या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं त्यावर तोडगा सुचवला. उतरायची धावपट्टी जहाजाच्या लांबीला समांतर न ठेवता थोडी तिरकी ठेवायची. म्हणजे विमान थांबलं नाही तर बाजूनं बाहेर पडून पुन्हा उडेल. कल्पना इतकी साधी आणि इतकी चपखल की आजही अनेक विमानवाहू जहाजांवर तिरकी धावपट्टी असते.

पण तिरक्या पट्टीचा एक कोपरा जहाजाच्या अंगाबाहेर लोंबकळू लागला. विमानवाहू जहाजाचा उड्डाणाचा मजला तसाही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आता तो आणखी बाहेर आला. आता टगबोटीच्या खलाशाच्या जागी उभं राहून बघा. जहाजाच्या कुशीला नाक टेकवायचं, तर वर हे भलंमोठं पोलादी छप्पर. उंच डोलकाठीची टगबोट त्याखाली शिरली तर डोलकाठी मोडणार. बाजूला उभी राहिली तर कुशीपर्यंत पोहोचणार नाही.

तेव्हा ब्रिटिश नौदलानं या कामासाठी खास टगबोटी बांधायचं ठरवलं. १९५६ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीच्या काठच्या गोद्यांत त्या तयार झाल्या. त्यांची नावं डायरेक्टर, डेक्स्टरस, फेथफुल, फेवरिट, फोर्सफुल, ग्राइंडर आणि ग्रायपर. लांबी सुमारे ४८ मीटर. मूळ बोटीची रुंदी ९ मीटर, पण दोन्ही बाजूंच्या चाकांसकट १८ मीटर, बरोबर दुप्पट! वेग ताशी साधारण २४ किलोमीटर. डोलकाठी बिजागरीवर बसवलेली, हवी तेव्हा आडवी पाडता येणारी. डोलकाठी आडवी केली की टगबोट छपराखाली सरकून थेट जहाजाच्या कुशीला भिडे.

आता ते तीन दोष आठवा. बंदरात टगबोटीवर तोफगोळे पडत नाहीत. तिच्यावर तोफा ठेवायच्या नसतात. आणि बंदराच्या आत मोठ्या लाटा नसतात. म्हणजे ज्या कारणांनी चाकं हरली होती, त्यातलं एकही इथे लागू नव्हतं. उरले ते चाकांचे गुण. ते कोणते, ते आता बघू.

एक चाक पुढे, एक चाक मागे

तुम्ही बैलगाडी जागेवर वळवताना पाहिली आहे? गाडीवान आतल्या बाजूच्या बैलाची वेसण आवळतो, त्याला थोपवून धरतो आणि बाहेरच्या बैलाला हाकारतो. बाहेरचा बैल चालत राहतो आणि गाडी आतल्या बैलाभोवती गर्रकन वळते. या टगबोटी त्याच्याही एक पाऊल पुढे होत्या. डावं चाक पुढे आणि उजवं चाक मागे फिरवलं की बोट एक फूटही पुढे न जाता जागच्या जागी फिरे. सुकाणू नाही वापरलं तरी चालायचं! जहाजांच्या दाटीत, चिंचोळ्या जागेत, याहून मोठी सोय कुठली?

दुसरा गुण. पंख्याच्या पात्यांना जो पीळ असतो तो बोट पुढे नेण्यासाठी घडवलेला असतो. उलटा फिरवला की पंखा काम करतो, पण जोर कमी पडतो. चाकाला पुढे काय आणि मागे काय, जवळजवळ सारखंच.

तिसरा गुण. चाकाची पाती रुंद असतात, त्यामुळे ती पुष्कळ पाणी हळूहळू मागे सारतात. थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश सारलं, तर तेवढ्याच इंधनात ओढ जास्त मिळते. वेगानं पळायचं असेल तर हे उपयोगाचं नाही. पण टगबोटीला कुठे शर्यत जिंकायचीय? तिला जवळजवळ उभ्यानंच ओढायचं असतं.

टगबोटीची ताकद मोजतात तीही उभ्यानंच. धक्क्यावर एक भक्कम लोखंडी खुंट असतो. त्याला दोरखंड बांधायचा, मध्ये ताण मोजणारं यंत्र लावायचं आणि टगबोटीला सांगायचं, ओढ! बोट जागची हलत नाही, पण यंत्र किती टनांची ओढ बसते ते सांगतं. टगबोट विकत घेणारा आधी हाच आकडा विचारतो.

आता चाकांना फिरवायचं कोणी? डिझेल इंजिनला एक खोड असते. ते अगदी हळू फिरू शकत नाही, बंद पडतं. आणि त्या काळच्या बोटींवरच्या डिझेल इंजिनाला उलटं फिरवायचं तर बहुधा ते आधी थांबवून पुन्हा उलट्या दिशेनं सुरू करावं लागे. मघाचं गणित आठवा. धक्का पाच मीटरवर असताना एवढी सवड कोणाकडे असते? म्हणून इंजिनिअरांनी एक युक्ती केली. डिझेल इंजिनं चाकांना जोडलीच नाहीत. त्यांना एका ठरावीक गतीनं फिरत ठेवून त्यांच्यापासून वीज बनवली. त्या विजेवर दोन मोटारी चालवल्या, प्रत्येक चाकाला स्वतंत्र. विजेच्या मोटारीचं वैशिष्ट्य असं की ती उभी असतानाच पूर्ण जोर लावू शकते. विजेचा प्रवाह उलटा केला की लगेच उलटी फिरू लागते. आपली लोकल ट्रेन एवढी माणसं भरलेली असतानाही फलाटावरून हिसका न देता सुटते, ती याच गुणामुळे.

म्हणजे बघा, सिमिंग्टनच्या काळचं चाक आणि विसाव्या शतकातली वीज, दोन्ही एकाच बोटीत. या जोडीला डिझेल-इलेक्ट्रिक पद्धत म्हणतात. ब्रिटिश नौदलासाठी बांधलेल्या चाकांच्या या शेवटच्या टगबोटी.

बंदरातला एक दिवस

या टगबोटींवर गणवेशातले नौसैनिक नसत. बंदरातल्या कामांसाठी नौदलाची एक वेगळी नागरी सेवा होती, तिचे कर्मचारी त्या चालवत. एका बोटीवर वीस-एकवीस माणसं. कप्तान, इंजिनखोलीतले कारागीर, दोरखंड सांभाळणारे खलाशी.

मोठं जहाज आत येताना ते एकाच टगबोटीचं काम नसे. एक पुढून ओढणार, एक मागे दोरखंड बांधून थोपवून धरणार, बाकीच्या कुशीला नाक लावून ढकलणार. जहाजावर उंच जागी बंदराचा वाटाड्या, म्हणजे पायलट, उभा. बंदराचा प्रत्येक उथळ भाग आणि पाण्याचा प्रत्येक ओढा त्याला पाठ. तो सांगणार आणि टगबोटी ऐकणार.

त्या वेळी टगबोटीवर सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे ताणलेल्या दोरखंडाच्या आसपास. टनावारी ओढीनं तणावलेला दोरखंड तुटला तर त्याचं टोक चाबकासारखं उसळतं. त्याच्या तडाख्यात माणूस सापडला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून कसलेला खलाशी ताणलेल्या दोरखंडाच्या रेषेत कधी उभा राहत नाही. दुसरा धोका टगबोटीलाच. दोरखंड आडवा ताणला गेला तर मोठं जहाज लहान बोटीला बाजूनं खेचून चक्क उलथवू शकतं. म्हणून टगबोटींवर दोरखंड अडकवायचा आकडा असा ठेवतात की संकटाच्या वेळी तो झटकन सोडता यावा.

पोर्टस्मथखेरीज डेव्हनपोर्टला आणि भूमध्य समुद्रातल्या नाविक तळांवरही यांतल्या बोटींनी काम केलं. आणि इथे आपल्याला एक ओळखीचं जहाज भेटतं. मघाशी गणितात आलेलं हर्मिस आठवतंय? ते १९५९ मध्ये ब्रिटिश नौदलात आलं आणि पोर्टस्मथला त्याची ये-जा असे. पुढे भारतानं ते विकत घेतलं आणि १२ मे १९८७ रोजी ते आपल्या नौदलात दाखल झालं. नाव ठेवलं, विराट! होय, तीच आपली आयएनएस विराट. मुंबईच्या नौदल गोदीत ती कित्येक वर्षं येत-जात राहिली आणि इथेही तिला धक्क्यापाशी आणायला टगबोटीच धावत. ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत ती निवृत्त झाली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ती गुजरातमधल्या अलंगला मोडायला गेली, तीही टगबोटीच्या दोरखंडाला बांधून. इंजिनं बंद झाल्यावर त्या जहाजाला स्वतःहून कुठे जाता येणार?

आपल्या नौदलाकडेही दमदार टगबोटी आहेत. ‘गज’ नावाची, खुल्या समुद्रात जाणारी टगबोट तर आपल्या शेजारी गोव्यात, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली. २०२२ मध्ये नौदलात आलेली नवी विक्रांत २६२ मीटर लांब आहे. ती बंदरात येते तेव्हा तिच्याभोवती टगबोटींची लगबग असते.

चाक आडवं झालं

मग चाकांच्या त्या सात टगबोटी कुठे गेल्या? ब्रिटनची मोठी विमानवाहू जहाजं एकेक करून निवृत्त झाली. टगबोटींचीही वयं झाली. १९८० च्या सुमारास त्यांची सेवा संपली. त्यांच्या जागी आलेल्या नव्या टगबोटींपैकी तिघींना जुनीच नावं दिली: फेथफुल, फोर्सफुल आणि डेक्स्टरस.

या नव्या बोटींना बाजूला चाकं नव्हती. त्यांच्या पोटाखाली, पाण्यात, एक वेगळंच यंत्र होतं. त्याचं नाव व्हॉइथ-श्नायडर. अर्न्स्ट श्नायडर या ऑस्ट्रियन इंजिनिअरानं ते १९२० च्या दशकात शोधलं. बोटीच्या तळाला एक गोल तबकडी, आडवी फिरणारी. तबकडीच्या कडेला सुऱ्यांसारखी उभी पाती, पाण्यात लोंबणारी. तबकडी फिरत असताना प्रत्येक पातं आपला कोन सारखा बदलत असतं. कोन कसा बदलायचा हे कप्तानाच्या हातात. त्यानं ठरवलं की ढकल पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, कुठेही वळते. तबकडीचा वेग आणि दिशा तीच.

आता एक गंमत सांगते. चांगल्या आगबोटींच्या चाकांची पातीही बिजागरीवर बसवलेली असत. दांड्यांच्या साहाय्यानं ती फिरता फिरता आपला कोन बदलत, म्हणजे पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना पाणी वाया उडू नये. कोन बदलणारी पाती, गोल फिरणारं चाक. ओळखीचं वाटतं ना? चाकाला आडवं पाडून पूर्णपणे पाण्याखाली नेलं, तर आपण व्हॉइथ-श्नायडरच्या फार जवळ येऊन पोहोचतो.

म्हणून एखादं यंत्र जुनं आहे म्हणून त्याला निकालात काढायची घाई करू नका. ‘हे कुठे हरलं, आणि का?’ असं आधी विचारा. चाक खवळलेल्या समुद्रात आणि लढाईत हरलं. शांत बंदरात, तिरक्या छपराखाली, हात-दोन हातांच्या जागेत त्याच्या तोडीचं त्या वेळी दुसरं काही सापडलं नाही. जागा बदलली की यंत्राचे गुण-दोष बदलतात. चांगला इंजिनिअर आधी काम नीट समजून घेतो आणि मग यंत्र निवडतो, मग ते कालचं असो की दीडशे वर्षांपूर्वीचं.

करून पाहा

साहित्य: थर्माकोलचा जाड तुकडा (साधारण २० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद), दोन रबर बँड, चार टूथपिक, जुन्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापलेल्या दोन पट्ट्या (५ सेंटिमीटर × २ सेंटिमीटर). कापायच्या वेळी मोठ्या माणसाला सोबत घ्या.

१. थर्माकोलच्या एका टोकाला निमुळतं नाक करा. डाव्या आणि उजव्या कडेजवळ एकेक चौकोनी खिडकी कापा. पट्टी आत मोकळी फिरेल एवढी मोठी ठेवा.

२. प्रत्येक खिडकीच्या डाव्या आणि उजव्या काठावर एकेक टूथपिक रोवा. दोन टूथपिकमध्ये रबर बँड ताणून अडकवा. म्हणजे रबर बँड खिडकीवर आडवा येईल.

३. रबर बँडच्या दोन पदरांच्या मध्ये पट्टी घाला. ही झाली तुमची चाकं.

४. बोटीचं नाक तुमच्या विरुद्ध दिशेला ठेवा. दोन्ही पट्ट्यांचं वरचं टोक तुमच्याकडे येईल अशा दिशेनं सारखेच पीळ द्या. बोट बादलीत किंवा टबात सोडा. ती सरळ पुढे जाईल.

५. आता एका पट्टीला उलट्या दिशेनं पीळ द्या आणि पुन्हा सोडा. काय होतं, ते तुम्हीच बघा.

जमलं? मग आता शेवटचा प्रश्न, आणि याचं उत्तर मी सांगणार नाही. डायरेक्टर आणि तिच्या बहिणींची रुंदी चाकांमुळे ९ मीटरची १८ मीटर झाली होती. अरुंद बंदरात एवढी रुंद बोट अडचणीचीच. मग चाकं बोटीच्या मधल्या रेषेजवळ का नाही बसवली? तेवढ्याच आकाराच्या थर्माकोलची दुसरी बोट करा, या वेळी दोन्ही खिडक्या मधोमध, एकमेकींना लागून कापा. दोन्ही बोटींना पाचव्या पायरीसारखे, एका पट्टीला उलट्या दिशेनं, पण सारखेच पीळ द्या आणि कोणती लवकर वळते ते पाहा. का वळते तेही वहीत लिहून ठेवा.